चौथ्या धड्याची खाडाखोड

राजारामपुरी, सातवी गल्ली, झेरॉक्सच्या दुकानावर
आमचा क्लास. अकरा कॉम्प्युटर, त्यातले नऊ चालतात,
आणि एक पंखा, जो फक्त माझ्याकडं बघतो.

नवी बॅच आली. शिकवायची आहे जावास्क्रिप्टची लायब्ररी,
आणि लायब्ररी म्हटलं की अजून पोरं
वाचनालयाच्या दिशेनं हात करतात.

रात्री वही घेऊन बसले.
सगळे जण सुरुवात करतात कामांच्या यादीनं:
दूध आणा, बिल भरा, समोर बरोबरची खूण.
मीही तीन वर्षं तेच शिकवलं.
तीन वर्षांत एकाही पोरानं
दुधाची यादी केलेली पाहिली नाही.
गंगावेशीत म्हैसच समोर उभी असते, यादी कशाला?
खोडलं.

मग मोजणी. बटण दाबलं की आकडा वाढतो.
सम्मेद मगदूम तालमीत जातो, म्हटलं जोर मोजू.
"मॅडम, दोन्ही हात जमिनीवर असत्यात,
बटण कोण दाबणार?"
मग त्यानंच कीबोर्ड फरशीवर ठेवला, हनुवटीखाली.
खाली गेला की स्पेसबार.
सदतिसाव्या जोराला आकडा अडकला,
चूक माझ्या कोडमध्ये होती, छातीत नव्हती.

तिसरा धडा माझा नाहीच, ऋतुजा व्हटकरचा.
कॉम्पोनंट म्हणजे काय, पाऊण तास मी फळ्यावर
चौकोनात चौकोन काढत होते.
ती म्हणाली, आमच्या अण्णांचा फर्मा.
पुठ्ठ्याचा, कडा तेलकट काळ्या.
फर्मा तोच, रंग बाहेरनं येतो, वेणी बाहेरनं,
कान पाहिजेत म्हटलं गिऱ्हाईक, तर कान.
"आणि नंबर?" मी विचारलं.
"नंबराला फर्मा वेगळा. सगळंच बाहेरनं येत नाही, मॅडम."
हे वाक्य लिहून ठेवलंय.
त्याला धडा सापडला नाही अजून.

चौथा धडा, स्टेट.
बदलणारी एक गोष्ट धरायची,
पडदा तिच्या मागं चालू द्यायचा.
इथं उदाहरण शोधायला लागत नाही,
जुलैत अख्खं गाव फूट-इंचात बोलतं.
राजाराम बंधारा. एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका.
आकडा हलला की रंग हलतो, हिरवा, पिवळा, लाल,
कुणी पान उलटायला नको.
नऊच्या नऊ कॉम्प्युटरवर चालला.
मी स्वतःवर खूश.

शाहिस्ता मुजावर सुतारवाड्यात राहते.
तिचाही चालला. मग तिनं नेटची वायर उपसली,
मुद्दाम,
आणि पान पुन्हा उघडलं.
पाणीपातळी: शून्य. रंग: हिरवा.

मी म्हटलं, सुरुवातीला शून्यच धरतात गं, रीत आहे.
ती आवाज न चढवता म्हणाली,
शून्य म्हणजे नदी कोरडी.
आकडा आला नाही म्हणजे आला नाही.
त्या रात्री दोन वाजता अब्बांनी
मोबाईलवर हिरवं बघितलं असतं,
तर आम्ही झोपलो असतो.

पंखा माझ्याकडंच बघत होता.

चौथा धडा पुन्हा लिहिला. आता तो असा सुरू होतो:
काहीही मांडायच्या आधी ठरवा,
माहीत नसताना तुमचा पडदा काय म्हणेल.
ऋतुजा म्हणाली राखाडी करू. सम्मेद म्हणाला कोरं ठेवू.
शाहिस्तानं न विचारता एक ओळ टाइप केली,
त्या जुन्या मशीनवर, फॉन्ट तुटलेला,
वेलांटी अक्षर सोडून बाजूला उभी:

अजून मोजलेलं नाही. जागं राहा.

वेलांटी तशीच आहे.
पाचवा धडा तिथनं.